थोरलीचं घर

पडद्यावर अजून कुणाचं नाव कळलेलं नसतं, तेव्हाच हे घर आपल्याला आत घेतं. दाराच्या चौकटीला टेकून एक तरुणी उभी असते. एका पुरुषाचा मनातला आवाज तिच्या रूपाने भारावून बोलत असतो आणि कॅमेरा तिच्या मागोमाग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. कुणी पियानोशी बसलेलं, मुलं माणसांच्या पायांतून पळतायत, स्वयंपाकघरातून ताटं भरून येतायत. सण आहे. तो पुरुष एलियट, या घरचा यजमान. ती तरुणी ली, त्याच्या बायकोची सख्खी धाकटी बहीण. चित्रपट सुरू होऊन मिनिटभरही झालेलं नसतं आणि या छपराखाली एका प्रतारणेचा जन्म झालेला असतो. ते मनातलं बोलणं आपण ऐकतो. आपल्याखेरीज ऐकणारं तिथे आणखी कुणी असेल, तर ते घर.

वुडी ॲलन यांचा 'हॅना अँड हर सिस्टर्स' फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. तीन बहिणी, त्यांचे नवरे, प्रियकर, घटस्फोटित नवरा, भांडकुदळ आईबाप अशी माणसांनी गजबजलेली गोष्ट. त्यात हसू आहे, मरणाची भीती आहे आणि मेहुणीच्या प्रेमात पडलेला एक गोंधळलेला नवरा आहे. या चित्रपटावर लिहिताना लोक माणसांविषयी लिहितात आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यातलं सगळ्यांत खोल पात्र हॅनाचं घर वाटत आलं आहे. श्रेयनामावलीत त्याला ओळ नाही, तोंडी एक वाक्य नाही. तरी कथेतली बहुतेक माणसं कधी ना कधी त्याच्याकडे येतात, त्याच्याकडून काहीतरी घेतात आणि निघून जातात.

त्याचा पत्ता खरा आहे. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या पश्चिम अंगाला सेंट्रल पार्कला लागून जो रस्ता जातो, त्यावर ७३ आणि ७४ क्रमांकाच्या गल्ल्यांच्या मध्ये 'लँगहॅम' नावाची जुनी भारदस्त इमारत आहे. क्लिंटन अँड रसेल या वास्तुरचनाकारांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती बांधली. एका बाजूला 'डकोटा', दुसऱ्या बाजूला 'सान रेमो', समोर बागेची झाडं. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, मेसीज या दुकानाची प्रसिद्ध मिरवणूक ७७व्या गल्लीपाशी सुरू होऊन याच रस्त्याने खाली जायची. म्हणजे हा सण या घराच्या खिडक्यांखालूनच जाणारा. चित्रपटाची बांधणी तीन थँक्सगिव्हिंगांवर उभी आहे. त्यासाठी याहून साजेसं घर शोधून सापडलं नसतं.

ते शोधावं लागलंही नाही. हॅनाची भूमिका करणाऱ्या मिया फॅरो यांचं ते राहतं घर होतं. त्याआधी ते त्यांच्या आईचं, मॉरीन ओ'सलिव्हन यांचं. ओ'सलिव्हन म्हणजे १९३२च्या 'टार्झन द एप मॅन'मधली जेन. ॲलन यांनी हॅनाच्या आईची, नॉर्माची भूमिका त्यांनाच दिली. आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा. एकेकाळी ज्या खोल्यांत आपण राहिलो, त्याच खोल्यांत एक सत्तरी ओलांडलेली नटी पोटच्या लेकीची पडद्यावरची आई होऊन पियानोशी उभी राहून गाते. भोवती हिंडणाऱ्या मुलांमध्ये मियाची स्वतःची मुलं आहेत. या घराला त्या दिवसांत कोणतं कुटुंब खरं आणि कोणतं लिहिलेलं, हे वेगळं काढता आलं असेल का?

मिया फॅरो यांनी १९९७ मध्ये आलेल्या आत्मकथनात त्या दिवसांबद्दल लिहिलं आहे. चित्रीकरणाच्या पसाऱ्यात घरातल्या वस्तू सापडेनाशा झाल्या होत्या. स्वयंपाकघर त्यांचं, भांडी त्यांची, पलंगही त्यांचा. मायकेल केन यांनी, म्हणजे पडद्यावरच्या एलियटने, आपली आठवण सांगितली आहे: मियाच्या खऱ्या शयनगृहात तिच्याबरोबर प्रणयप्रसंग चालू होता, दिग्दर्शन करत होता तिचा त्या वेळचा जोडीदार, आणि मुलांना भेटायला आलेले तिचे पूर्वीचे पती, संगीतकार आंद्रे प्रेव्हिन, ते पाहत उभे होते. वुडी आणि मिया यांची ओळखही केन यांनीच करून दिली होती, 'इलेन्स' नावाच्या रेस्तराँमध्ये. ज्या घरात एका काल्पनिक विवाहाची घडी विस्कटताना दाखवायची, त्याच घरात खऱ्या नात्यांचे इतके पदर आधीच येऊन बसले होते.

आता या घराचा चेहरामोहरा. ते श्रीमंत आहे, पण दिमाखदार नाही. भिंतींना पुस्तकं लागलेली, दिव्यांचा प्रकाश पिवळसर, जुन्या लाकडाचा, गालिच्यांचा, वापरातल्या खुर्च्यांचा तपकिरी रंग. कोपऱ्यात पियानो. हे घर कुणी दाखवण्यासाठी सजवलेलं वाटत नाही, कारण ते वर्षानुवर्षं राहून तसं झालेलं आहे. तरीही या चित्रपटाला मिळालेल्या ऑस्करच्या सात नामांकनांत एक कलादिग्दर्शनाचं होतं, स्टुअर्ट वुर्टझेल आणि कॅरोल जॉफी यांच्या नावाने. राहत्या घराला कथेचं घर करायचं, तेही त्याचा राहतेपणा न घालवता, हे अवघड काम आहे. पडद्यावर त्यातले कष्ट कुठेही दिसत नाहीत आणि मला तीच त्या कामाची मोठी पावती वाटते.

या घराची चाल ओळखली ती छायालेखक कार्लो दि पाल्मा यांनी. अँतोनिओनींच्या 'रेड डेझर्ट' आणि 'ब्लो-अप' या चित्रपटांचे हे इटालियन छायालेखक ॲलन यांच्याबरोबर इथे पहिल्यांदा काम करत होते. त्याआधीच्या बहुतेक चित्रपटांना गॉर्डन विलिस यांचा शिस्तशीर, अंधारप्रिय कॅमेरा होता. दि पाल्मांचा कॅमेरा या घरात एखाद्या जवळच्या नातलगासारखा वावरतो. तो पॅसेजमध्ये थांबतो, दारातून डोकावतो, एक माणूस दुसऱ्या खोलीत गेलं तरी लगबगीने मागे धावत नाही. बोलणारा नजरेआड जातो आणि त्याचा आवाज तेवढा येत राहतो. मग दुसऱ्या दारातून कुणी तिसरंच प्रवेश करतं. मोठ्या घरातल्या सणावाराला हे असंच असतं. कुठल्याही एका खोलीत उभं राहून सगळं दिसत नाही. प्रत्येकाला तुकडा तुकडा कळतो आणि अख्खं कुणालाच कळत नाही.

या घराचा स्वभाव हाच आहे. त्याला भिंती आहेत, दारं आहेत, वळणं आहेत, त्यामुळे त्याच्यात एकाच वेळी दहा खरी आणि खोटी बोलणी नांदू शकतात. पहिल्याच सणाला स्वयंपाकघरात मधली बहीण हॉली थोरलीकडे दोन हजार डॉलर उसने मागते. तिला मैत्रिणीबरोबर घरगुती जेवणावळींचा व्यवसाय काढायचा आहे. अभिनयात जम बसलेला नाही, नशेचे दिवस नुकतेच मागे पडलेत, आणि मागणं करतानाच तिला थोरलीच्या प्रश्नांचा राग येतो आहे. हॅना काळजीने विचारते आणि पैसे देते. देणं आणि विचारणं यांची ही जोडगोळी हॉलीला जन्मभर जाचत आली आहे. त्याच वेळी बाहेर एलियट लीच्या जवळ घोटाळतोय. आतल्या आणि बाहेरच्या प्रसंगांमध्ये भिंतीचं अंतर आहे, पण दोन्हींकडे हॅनाकडून काहीतरी जातंय. एक बहीण मागून नेते. दुसरी न मागता नेणार आहे, हे तिचं तिलाही अजून माहीत नाही.

हॅनाचं घर हे या बहिणींचं माहेर आहे. खरं माहेर, म्हणजे नॉर्मा आणि इव्हान यांचं घर, जाऊन टेकावं असं नाही. भिंतीवर तरुणपणचे फोटो, दोघांच्याही मनात हुकलेल्या कीर्तीची सल, नॉर्माचं पिणं, इव्हानचे टोमणे. तिथे भांडण पेटलं की फोन जातो हॅनाला आणि ती जाऊन दोघांना शांत करते. इव्हानची भूमिका लॉइड नोलन यांनी केली. चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, १९८५ मध्ये ते वारले. नॉर्मा गाते आणि इव्हान पियानोवर साथ करतो, ते क्षण मी पाहतो तेव्हा एक गोष्ट दर वेळी जाणवते. हे दोघं एकमेकांना आपल्या घरी सोसत नाहीत, पण लेकीच्या घरी आले की त्यांचं सूर जुळवणं पुन्हा जमतं. आपल्याकडे आईबाप थकले की माहेरपण थोरल्या बहिणीकडे जातं. बाळंतपणं, आजारपणं, दिवाळी तिच्याकडे. तिच्या संसाराचं काय चाललंय, हे विचारायचं मात्र राहून जातं, कारण तिचं चांगलंच चाललेलं असणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं.

हॅनाचंही तसंच आहे. ती यशस्वी नटी आहे. पहिल्या सणाला तिच्या नोराच्या भूमिकेचं कौतुक होतं. इब्सेनच्या १८७९च्या 'अ डॉल्स हाउस'मधली नोरा, जिची गोष्ट अनंत काणेकरांनी 'घरकुल' या नावाने मराठी रंगभूमीवर आणली. नोरा घराचं दार मागे ओढून निघून जाते. रंगमंचावर रोज रात्री ते दार ओढणारी हॅना नंतर आपल्या घरी येते आणि सगळ्यांसाठी दार उघडं ठेवते. ॲलन यांनी ही निवड सहज केलेली नसावी. नोराच्या घरी तिला बाहुलीसारखं वागवतात. हॅनाच्या घरी तिला खांब समजतात. दोन्हींत माणूस म्हणून तिची चौकशी होत नाही.

घराचा स्वभाव नीट कळण्यासाठी कथेतल्या दुसऱ्या जागा पाहाव्यात. ली ज्याच्याबरोबर राहते तो चित्रकार फ्रेडरिक. मॅक्स फॉन सिडो यांनी त्याचा करारीपणा आणि एकाकीपणा असा उभा केलाय की त्याचा राग यावा आणि त्याच श्वासात कीवही. फ्रेडरिकची जागा म्हणजे एक मोठी मोकळी खोली, चित्रांनी भरलेली. त्याला माणसं नकोत, सण नकोत, ली एवढीच त्याची जगाशी उरलेली वाट. तो हॅनाच्या घरच्या सणाला येतच नाही. त्याच्या जागेत आडोसा नाही, म्हणून तिथे खोटं लपतही नाही. ली परत येते, तो तिच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि ओळखतो. अख्ख्या गोष्टीत लीचं प्रकरण स्वतःहून ओळखणारा तो एकटा, आणि तो या घराचा कधी झालाच नाही.

एलियट आणि ली भेटतात ते हॉटेलच्या खोलीत. त्या खोलीला भूतकाळ नाही, उद्या नाही. तिथे कुणाच्या बायकोचा झगा दाराला टांगलेला नाही की कुणाच्या मुलांची खेळणी पायात येत नाहीत. तिथे एलियटला मोकळं वाटतं. पण रात्री तो या घरात परत येतो आणि घर त्याला मोकळं राहू देत नाही. शेजारी बायको झोपली आहे, आपण किती नीच वागलो हे त्याला कळतं, आता हे संपवायचं असं तो ठरवतो, फोनकडे जातो. तेवढ्यात फोन वाजतो आणि पलीकडे ली असते. तिचा आवाज ऐकून निश्चय विरघळतो. त्याच घरात, त्याच तारेवरून. मायकेल केन यांनी हा नवरा खलनायक होऊ दिला नाही. वासनेने चळलेला, अपराधाने पिळलेला, धाडस न होणारा आणि सोडताही न येणारा असा एक सामान्य माणूस त्यांनी दाखवला. त्याबद्दल त्यांना ऑस्कर मिळालं.

मिकी हा हॅनाचा पहिला नवरा. ती भूमिका खुद्द ॲलन करतात. आपल्याला मेंदूत गाठ झाली आहे या भीतीने तो हादरतो. गाठ नाही असं कळल्यावर मरण कधीतरी येणारच या विचाराने आणखी हादरतो. देव शोधतो, धर्म बदलून पाहतो, मरणाच्या काठापर्यंत जातो आणि एका चित्रपटगृहात मार्क्स बंधूंचा १९३३चा 'डक सूप' पाहता पाहता जगण्याशी त्याचा समेट होतो. या सगळ्या वणवणीत तो मुलांच्या वाढदिवसाला हॅनाच्या घरी येतो. हे घर पूर्वीच्या नवऱ्यालाही ओळख देतं. मिकीला मूल होणं शक्य नव्हतं, मित्राच्या मदतीने हॅनाला जुळे झाले, त्यातून दोघांमध्ये जी भेग पडली ती बुजली नाही. तरी त्या मुलांच्या निमित्ताने त्याला इथे यायला मिळतं. घटस्फोटाने नातं संपतं, पण घराची ये-जा संपलीच पाहिजे असं नाही, हे या घराचं शहाणपण आहे.

एक प्रसंग घराबाहेरचा आहे आणि घराबद्दल फार काही सांगतो. तिघी बहिणी एका रेस्तराँमध्ये दुपारच्या जेवणाला बसल्या आहेत. गोल टेबल, आणि कॅमेरा त्यांच्याभोवती फिरतो, फिरतच राहतो. हॉली आपल्या अपयशाने कडवट झालेली, हॅनाला बोचकारते. हॅना नेहमीसारखी समजूत घालते. आणि ली, जिच्या मनात चोर आहे, ती एकदम ढासळते. हॅनाला कारण कळत नाही. तिघींच्या मध्ये इथे भिंत नाही, दार नाही, पुढच्या खोलीत निघून जायची सोय नाही. खरं बोलणं ओठांपर्यंत येतं आणि परत जातं. तिथे मला कळलं की हॅनाच्या घरातल्या भिंतींनी किती जबाबदारी उचललेली आहे. त्या भिंती नसत्या, तर हे कुटुंब एका सणालाच फुटलं असतं.

दुसऱ्या थँक्सगिव्हिंगला घरावरचा ताण दिसू लागतो. हॉलीने आता लेखन सुरू केलं आहे आणि तिच्या संहितेत एका जोडप्याच्या आयुष्यातले असे तपशील आहेत, जे हॅनाने एलियटशिवाय कुणाला सांगितलेले नाहीत. एलियटकडून लीकडे, लीकडून हॉलीकडे, हॉलीकडून कागदावर. पाणी मुरलं की भिंतीवर डाग उठतोच. हॅना विचारते, तू माझ्याबद्दल माझ्या बहिणींशी बोलतोस का? एलियट उत्तर टाळतो आणि तिच्यावरच उलटतो. जिला काही लागत नाही, जी सगळं देते, अशा बाईजवळ राहणं कठीण असतं, असं काहीतरी तो बोलतो. हॅना म्हणते की मलाही खूप काही हवं असतं. तो म्हणतो, ते आम्हाला कुणालाच दिसत नाही.

माझ्या मते हा अख्ख्या चित्रपटाचा गाभा आहे. प्रतारणा करणारा माणूस प्रतारणेचं कारण समोरच्या चांगुलपणात शोधतो. आणि दुःख असं की त्याच्या बोलण्यात एक कण खराही आहे. हॅनाने आपली गरज कधी मांडलीच नाही. तिने जेवायला घातलं, उसने दिले, आईबापांना सांभाळलं, सणाचं टेबल मांडलं. तिला कोण सांभाळणार, ही जागा रिकामी राहिली आणि त्या जागेत कुणी डोकावलं नाही. त्या रात्री अंधारात ती म्हणते की मला फार हरवल्यासारखं वाटतंय. आपल्याच शयनगृहात, आपल्याच पलंगावर. जे घर सगळ्यांना सापडतं, त्यात घराची मालकीण हरवते. मिया फॅरो यांचा अभिनय इथे अतिशय संयत आहे. डायान वीस्ट यांना हॉलीसाठी ऑस्कर मिळालं आणि ते त्यांचंच होतं. तडकणारी, विनोदी, असुरक्षित हॉली विसरता येत नाही. पण फॅरो यांना या भूमिकेसाठी नामांकनही नव्हतं, याची मला आजही खंत आहे. पारितोषिकांच्या बाबतीतही हॅनाचं असंच झालं, ती भक्कम म्हणून तिच्याकडे पाहायचं राहून गेलं.

तिसऱ्या थँक्सगिव्हिंगला घर पुन्हा उजळतं. लीने एका प्राध्यापकाशी लग्न केलं आहे. ती एलियटच्या आयुष्यातून निघून गेली आहे, म्हणजे मेहुणी म्हणून परत आली आहे. एलियटला वाटतंय की आपलं हॅनावर आपण समजत होतो त्याहून जास्त प्रेम होतं, फक्त कळायला उशीर झाला. मिकी आणि हॉली यांचं लग्न झालं आहे. म्हणजे हॅनाचा पूर्वीचा नवरा आता एलियटचा साडू होऊन त्याच टेबलाशी बसतो. शेवटी आरशासमोर मिकी हॉलीला मागून मिठीत घेतो आणि ती सांगते की मी आई होणार आहे. ज्याला मूल होणं शक्य नव्हतं, त्याला. त्याच घरात, जिथे त्याच्या आधीच्या संसाराची भेग पडली होती.

ॲलन यांनी नंतर वेळोवेळी सांगितलं आहे की त्यांच्या मनातला मूळ शेवट असा नव्हता. एलियट हॅनाबरोबर राहतो, पण मनाने लीमध्येच अडकलेला, असा तो शेवट होता. प्रत्यक्षात आपण सगळं फार नीटनेटकं बांधून टाकलं, असं त्यांना वाटत राहिलं. लोकांना मात्र हाच शेवट आवडला. चित्रपट ॲलन यांच्या सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांपैकी एक ठरला आणि पटकथेचं ऑस्करही त्यांना मिळालं. मला वाटतं, कडू शेवट या गोड शेवटातच आहे, तो घराला ठाऊक आहे. हॅनाला शेवटपर्यंत काही कळत नाही. तिची धाकटी बहीण आणि तिचा नवरा तिच्याच टेबलाशी, तिनेच शिजवलेलं जेवतात, आणि ते दोघं आता निर्दोष आहेत, कारण झालं गेलं संपलं. क्षमा झाली. फक्त जिने क्षमा करायची, तिला कुणी विचारलं नाही.

चेखव्हचं 'थ्री सिस्टर्स' १९०१ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने रंगमंचावर आणलं. त्यातल्या तीन बहिणींच्या हातून घर हळूहळू निसटतं, भावाची बायको एकेक खोली बळकावत जाते. ॲलन यांच्या बहिणींचं घर उभं राहतं. त्याच वेळी बर्गमनच्या 'फॅनी अँड अलेक्झांडर'ची आठवण येते, कारण ॲलन बर्गमनचे निस्सीम चाहते आणि १९८२च्या त्या चित्रपटातही एका मोठ्या घरातला सण सगळी पापं पोटात घेतो. युरोपच्या त्या दोन थोर घरांशेजारी हे मॅनहॅटनचं घर बसवायला मला संकोच वाटत नाही. चेखव्हच्या घराला नियती आहे, बर्गमनच्या घराला जादू आहे. हॅनाच्या घराकडे दोन्ही नाहीत. त्याच्याकडे एक बाई आहे, जी दर वर्षी टेबल मांडते.

या घराचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. वुडी आणि मिया यांचं नातं सुमारे बारा वर्षं टिकलं, या काळात त्यांनी तेरा चित्रपट एकत्र केले, पण ते एका घरात कधी राहिले नाहीत. ॲलन यांचं घर बागेच्या पलीकडे, फिफ्थ अव्हेन्यूवर. १९९२ मध्ये मियाच्या दत्तक मुलीशी, सून-यी प्रेव्हिन यांच्याशी ॲलन यांचे संबंध असल्याचं उघड झालं आणि सगळं तुटलं. 'हॅना'च्या सणाच्या दृश्यांत दिसणाऱ्या मुलांमध्ये सून-यीही होत्या. पुढे आणखी गंभीर आरोप झाले. ॲलन यांनी ते नाकारले, फौजदारी खटला उभा राहिला नाही, मुलांचा ताबा १९९३ मध्ये न्यायालयाने मियाकडे दिला. आज हा चित्रपट पाहताना हे विसरता येत नाही आणि विसरू नये. पडद्यावरचं घर आणि खरं घर एकच होतं. एका ठिकाणी प्रतारणा पचवली गेली, दुसऱ्या ठिकाणी ती पचण्यासारखी नव्हती.

म्हणूनच मला या घराचं नुसतं कौतुक करून थांबता येत नाही. ते उबदार आहे, ते जागा देतं, चुकलेल्याला परत घेतं, फाटलेलं शिवतं. हे सगळं खरं आहे आणि ज्यांना असं घर मिळालं ते भाग्यवान. पण घराची ही सोशिकता कुणाच्या तरी अंगावरून येते. सणाच्या दिवशी सगळे एकत्र बसले म्हणजे सगळं ठीक आहे, असं मानण्याची आपल्याला सवय आहे. ॲलन यांचा चित्रपट आपल्याला तो आनंद पूर्ण देतो आणि त्याच वेळी त्याची किंमत दाखवायला विसरत नाही. हॅनाच्या घराकडून शिकायचं असेल तर एवढंच, की जिच्या घरी आपण हक्काने जातो, जेवतो, रडतो, उसने घेतो आणि मोकळे होतो, तिला निदान एकदा समोर बसवून विचारावं, तुला काय हवंय? आणि तिने सांगायला सुरुवात केली, तर उठून दुसऱ्या खोलीत जाऊ नये.